बिनशिदोरीचं बी

‘ऑर्किडच्या बियांचं पाकीट आणलं होतं. कुंडीत छान माती-शेणखत घालून लावलं. दीड महिना झाला, काही उगवलं नाही. काय चुकलं असेल हो माझं?’

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी ऐकायला मिळतो. कधी भिशीत, कधी हळदीकुंकवाला, आणि हल्ली मोबाइलवर पाकिटाच्या फोटोसकट. फोटोत निळंजर्द फूल असतं, नाहीतर माकडाच्या तोंडासारखं दिसणारं. पाकिटात दहा, वीस किंवा पन्नास बिया. मोहरीएवढ्या, तिळाएवढ्या, कधी चक्क टोमॅटोच्या बीसारख्या चपट्या.

मैत्रिणींनो, तुमचं काहीही चुकलेलं नाही. त्या पाकिटात ऑर्किडचं बी नव्हतंच. एवढी एकच खूण लक्षात ठेवा. जे बी चिमटीत एकेक धरता येतं, मोजता येतं, ते ऑर्किडचं नव्हे. ऑर्किडचं बी म्हणजे पिठीची धूळ. एका मोहरीच्या वजनात शेकडो बिया बसतील. पिकलेलं बोंड फुटलं की पिवळसर पांढरा धूर उडावा तसं ते उडतं, आणि तुम्ही जोरात श्वास सोडलात तरी हातातलं सगळं जातं. व्हॅनिला हेही एक ऑर्किडच. खरी व्हॅनिलाची शेंग घालून केलेल्या आइस्क्रीममध्ये काळे ठिपके दिसतात ना, त्या त्याच्या बिया. ऑर्किडच्या मानाने त्या तर मोठ्या म्हणायच्या!

आणि खरं बी मिळालं असतं, तरी ते कुंडीतल्या मातीत उगवलं नसतं. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातून ते चटकन समजतं.

वाल भिजत घालून मोड आणले की आपण सोलून डाळिंब्या करतो. दाण्याची ती दोन दळं म्हणजे वालाच्या आईने बाळाबरोबर बांधून दिलेली शिदोरी. मूळ धरेपर्यंत, पान फुटेपर्यंत बाळाने ती खायची. नारळातलं खोबरं हीही शिदोरीच. ती खातच आतला मोड वाढतो, आणि कोकणातली पोरं तो पळवून खातात. ऑर्किडची आई मात्र शिदोरी देतच नाही. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बाळं. देणार कुठून? एक पातळ पिशवी, आत पेशींचा इवलासा गोळा, आणि ‘जा बाई वाऱ्यावर’. चार्ल्स डार्विनने एका जातीच्या एका बोंडातल्या बिया मोजल्या होत्या, त्या ६,२०० भरल्या. एका झाडावर अशी तीस बोंडं. सगळ्या बिया जगत्या तर त्या एका झाडाच्या पणतवंडांनी पृथ्वीवरची सारी जमीन झाकली असती, असा त्याने हिशेब मांडला. तसं होत नाही, कारण लाखातलं एखादंच बी जगतं.

ते एखादं जगतं तरी कशावर? हे कोडं १८९९ मध्ये नोएल बर्नार्ड या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडलं. फ्रान्समधल्या रानात त्याला पानांच्या कचऱ्याखाली गाडलं गेलेलं एका ऑर्किडचं बोंड सापडलं. आतल्या बिया रुजल्या होत्या, आणि प्रत्येक रुजलेल्या बीत एक बुरशी शिरलेली होती. म्हणजे आपण जिच्या नावाने बोटं मोडतो ती बुरशीच या बाळाची दाई. तिचे धागे बीच्या आत शिरतात, बी ते धागे पचवतं आणि त्यातून साखर मिळवतं. जिथे ती ठरावीक बुरशी असेल तिथेच बी रुजणार. आंब्याच्या खडबडीत सालीवर, फणसाच्या बेचक्यात ती असते. पाकिटावर लिहिलेल्या ‘उत्तम निचऱ्याच्या मातीत’ ती असेलच असं नाही.

बर्नार्डच्या आधीच्या माळ्यांना हे ठाऊक नव्हतं, पण अनुभवाने त्यांनी एक युक्ती काढली होती. बी आईच्याच कुंडीत, तिच्या मुळांशी भुरभुरायचं. आईच्या मुळांत ती बुरशी असतेच, हे त्यांना कुठे माहीत! इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी नावाच्या माळ्याने हाताने परागीकरण करून वाढवलेल्या पहिल्या संकरित ऑर्किडला १८५६ मध्ये फूल आलं, तेही अशाच खटपटीतून.

आणि सिंगापूरची अ‍ॅग्नेस जोआकीम! ही गोष्ट मला फार आवडते. आर्मेनियन कुटुंबातली ही बाई. लग्न केलेलं नव्हतं, बागेचा मात्र जबरा नाद. ना ती शास्त्रज्ञ, ना नर्सरीवाली. घरच्या बागेत तिने व्हॅन्डाच्या दोन जातींचा संकर केला. त्यातली एक जात आपल्या ईशान्य भारतातही होते. आलेलं फूल १८९३ मध्ये तिने तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांना दाखवलं, आणि त्यांनी ते तिच्या नावाने जगापुढे आणलं. ‘मिस जोआकीम’. १८९९ मध्ये, बर्नार्डला कोडं सुटलं त्याच वर्षी, ती कर्करोगाने गेली. पुढे मात्र, ते रोप तिला बांबूच्या बेटात आयतंच सापडलं, तिने काही संकर-बिंकर केला नव्हता, अशी गोष्ट पसरली आणि कित्येक वर्षं टिकली. १९८१ मध्ये ते सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं, तरी संकराचं श्रेय तिच्या पदरात अधिकृतपणे पडायला २०१६ साल उजाडावं लागलं. बागेत राबणाऱ्या बाईच्या हाताला नुसतं ‘नशीब’ म्हणून मोकळं व्हायची सवय सगळीकडचीच!

आता आपल्या कामाची गोष्ट. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नुडसन यांनी दाखवून दिलं, की बुरशी जे देते ते म्हणजे मुख्यत्वे साखर. मग बाटलीत खतपाण्याची साखर घातलेली जेली करून तीवर बी पेरलं, तर बुरशीशिवायही रुजतं. जगभरातल्या प्रयोगशाळा आजही हेच करतात. आणि यातलं बहुतेक सामान आपल्या घरात असतं. प्रेशर कुकर, साखर, शहाळ्याचं पाणी, चायना ग्रास.

एकच अट. साखरेच्या जेलीवर ऑर्किडचं बी महिनाभराने जागं होतं, पण हवेतली साधी बुरशी दोन दिवसांत. तेव्हा सगळा खेळ आहे तो स्वच्छतेचा. वर्षाचं लोणचं घालणारीला हे समजावून सांगायला नको. बरणी धुऊन उन्हात तापवायची, हिंगाची धुरी द्यायची, ओला चमचा लावायचा नाही, कुणी मध्येच हात घातला की ओरडायचं. तीच शिस्त, दसपट कडक. म्हणूनच मला वाटतं, की हे काम आपल्याला पुष्कळ प्रोफेसरांपेक्षा बरं जमेल.

बोंड धरायचं कसं

सुरुवात डेंड्रोबियमपासून करा. लग्नाच्या मंडपात, पुष्पगुच्छात जांभळी-पांढरी फुलं असतात ना, ते घराणं. आपल्या हवेत टिकतं, नर्सरीत सहज मिळतं आणि बीपासून फुलापर्यंत त्यातल्या त्यात लवकर येतं. फुलाच्या मधोमध एक छोटा जाड दांडा असतो. त्याच्या टोकाला टोपी. टूथपिकने ती टोपी हलकेच उचलली, की पिवळ्या मेणासारखे चिमुकले गोळे टूथपिकला चिकटून येतात. हे परागपुंज. इतर फुलांसारखी इथे परागाची भुकटी नसते. त्याच दांड्याच्या खालच्या अंगाला एक चिकट खळगी दिसेल. एका झाडाचे गोळे दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या त्या खळगीत बसवायचे. झालं लग्न.

त्याच झाडाचे पराग त्याच झाडाला लावले तर पुष्कळ डेंड्रोबियम दाद देत नाहीत, म्हणून दोन वेगळी झाडं हवीत. शेजारणीकडे वेगळ्या रंगाचं असेल तर उत्तमच. आणि नुकतं उमललेलं फूल घेऊ नका, चार-पाच दिवस झालेलं घ्या.

जमलं असेल तर फूल दोन-चार दिवसांत मान टाकतं, आणि त्याच्यामागचा देठ हिरवा राहून फुगू लागतो. नाही जमलं तर देठासकट गळून पडतं. बाजारातल्या काही संकरित जाती बी धरतच नाहीत, पाच-सहा फुलांवर प्रयत्न करून पाहावा लागतो. (अशा जातींना बागकामाच्या पुस्तकांत ‘वांझ’ म्हणतात. मी तो शब्द झाडालाही वापरत नाही.) एका झाडावर एकच बोंड ठेवा. पोसणं काही सोपं नसतं. अशक्त किंवा नव्याने आणलेल्या झाडावर तर नकोच.

डेंड्रोबियमचं बोंड साधारण तीन-चार महिन्यांत पेरण्याजोगं होतं. फॅलेनॉप्सिसला चार ते सहा महिने लागतात, कॅटलियाला नऊ महिन्यांवर. आणि बोंड फुटायची वाट पाहायची नाही. ते हिरवं, बंद असतानाच काढायचं. बंद बोंडाच्या आत जंतू नसतात, फक्त बाहेरून स्वच्छ केलं की झालं. फुटलेल्या बोंडातलं बी वेगळं निर्जंतुक करावं लागतं, आणि ती धूळ धुताना निम्मी हातची जाते. नवख्या बाईने त्या वाटेला जाऊ नये.

मुहूर्त मी असा धरते. परागीकरण गणपती-नवरात्राच्या सुमारास, पेरणी डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात घरात पापडालाही बुरशी येते, तिथे जेलीचं काय घेऊन बसलात! आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींना उन्हाळ्याआधी चार महिने मिळतात.

जेली आणि कुकर

अर्ध्या लिटरचा अंदाज देते. पाणी सव्वाचारशे मिली, शक्यतो गाळण यंत्राचं किंवा पावसाचं, खारं नको. ताज्या शहाळ्याचं गाळलेलं पाणी ७५ मिली. साखर १० ग्रॅम. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर. जास्त घालायचा मोह नको, बाळाला पचत नाही. चायना ग्रासची पूड ४ ते ५ ग्रॅम. आंबटपणा पाहायला पीएचच्या कागदी पट्ट्या आणल्यात तर बरं. साडेपाचच्या आसपास हवा. पट्टी सात दाखवत असेल तर व्हिनेगरचा थेंब टाकून पुन्हा पाहायचं. फार आंबट झालं तर जेली धरत नाही.

हे सगळं उकळून चायना ग्रास पूर्ण विरघळवायचं आणि जॅमच्या, सॉसच्या आठ-दहा छोट्या बाटल्यांत दोन-दोन सेंटिमीटर ओतायचं. झाकणं सैल लावायची, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. दोन बाटल्यांत नुसतं पाणी भरायचं, ते नंतर लागतं. ब्लेड, चिमटा आणि लांब दांड्याचा छोटा चमचा फॉइलमध्ये गुंडाळून कुकरमध्येच ठेवायचा. कुकरला शिट्टी आली की आच मंद करून वीस मिनिटं. मग गॅस बंद, आणि कुकर आपोआप पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही. घाईने शिट्टी उचललीत तर बाटल्यांतली जेली उकळून बाहेर येईल, हात भाजेल तो वेगळाच. झाकण उघडल्याबरोबर बाटल्या घट्ट करायच्या.

मग पाच दिवस काहीच करायचं नाही. बाटल्या नुसत्या ठेवून द्यायच्या. ज्या बाटलीत ठिपका दिसेल ती बाद. पेरण्याआधीच कळलेलं बरं.

पेरायला पेटी लागते. जुना काचेचा फिशटँक आडवा ठेवायचा, पुढच्या उघड्या बाजूला जाड पारदर्शक प्लास्टिक चिकटवायचं आणि त्याला हात घालण्यापुरती दोन भोकं. पेटी आतून सर्जिकल स्पिरिटने पुसायची. हातात रबरी मोजे, तेही स्पिरिटने पुसलेले. पंखा बंद, खिडक्या बंद, केस बांधलेले, बोलणं बंद. दोन गोष्टी मात्र अगदी बजावून सांगते. पेटीत स्पिरिटची वाफ असते, तेव्हा काडी, मेणबत्ती, गॅस काहीही आसपास नको. आणि ब्लीच व स्पिरिट कधीही एकत्र करायचं नाही. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा फिनाईलसुद्धा मिसळायचं नाही. घातक वायू होतात.

बोंड साबणाने ब्रश लावून धुवायचं. मग एक भाग ब्लीच आणि पाच भाग पाणी अशा द्रावात पंधरा-वीस मिनिटं बुडवायचं. पेटीत नेऊन कुकरमधल्या बाटलीतल्या पाण्याने दोनदा खळबळायचं. ब्लेडने उभं चिरलं की आत कापसासारखं पांढरट-पिवळं दिसेल. तेच बी. चमच्याच्या टोकावर जेमतेम येईल एवढंच प्रत्येक बाटलीत टाकायचं, दोन थेंब पाणी सोडायचं, बाटली हलवून पसरायचं आणि झाकण बंद. एकेक बाटली उघडायची ती पाच-सात सेकंदांपुरती. हावरटपणे चमचाभर बी टाकलं तर उगवल्यावर ती रोपं एकमेकांना जगू देत नाहीत.

पहिल्या खेपेला निम्म्या बाटल्यांना बुरशी लागेल असं धरूनच चालावं. काळी, हिरवी, कापसासारखी पांढरी. सगळे रंग पाहायला मिळतील. त्या बाटल्या घरात उघडायच्या नाहीत. तशाच कुकरमध्ये वीस मिनिटं ठेवायच्या आणि मग धुवायच्या. आठातल्या तीन बाटल्या राहिल्या तरी पुष्कळ झालं. एका बाटलीतसुद्धा शंभर रोपं असतात.

वाट पाहण्याचं काम

बाटल्या उजेडात, पण उन्हात नाही. उत्तरेची खिडकी चांगली. २२ ते २८ अंश त्यांना मानवतं. पस्तिशीच्या पुढे काचेच्या आत उकडून निघतात, तेव्हा उन्हाळ्यात घरातला सर्वांत थंड कोपरा शोधायचा. देवघराखालची फडताळाची फळी माझ्या एका मैत्रिणीने शोधली, तिच्या सासूबाईंनी ती दिलीही.

तीन ते सहा आठवड्यांत धूळ फुगते आणि हिरवी होते. पान नाही, मूळ नाही, नुसते हिरवे मणी. दुसरं कुठलंच नेहमीचं बी असं रुजत नाही. मग मण्याच्या टोकाला खाच, खाचेतून पान, आणि पानामागून मूळ. तीन-चार महिन्यांनी बाटलीत दाटी होते. तेव्हा पुन्हा तोच कुकर, तीच पेटी, आणि रोपं नव्या जेलीवर विरळ लावायची. काहीजणी या दुसऱ्या जेलीत पिकलेलं केळं कुस्करून घालतात. मुळं जोमदार होतात, पण जेली गढूळ दिसते.

वर्षभराने रोपं तीन-चार सेंटिमीटरची झाली, दोन-तीन मुळं आली की बाटलीबाहेर काढायची. आमच्याकडे सगळ्यांत जास्त रोपं जातात ती याच पंधरवड्यात. बाटलीतली हवा दमट, बाहेर कोरडी. कोमट पाण्यात मुळांची जेली अगदी स्वच्छ धुवायची, चिकटून राहिली तर तिथूनच कुजतं. कोळशाचे बारीक तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एकत्र करून पसरट कुंडीत दाटीने लावायची. सोडण आधी चार-पाच पाण्यांत भिजवून धुतलेलं असावं. वर भोकं पाडलेला पारदर्शक डबा उपडा घालायचा, आणि तो तीन आठवड्यांत हळूहळू उचलत न्यायचा. बाळंतिणीला बाहेरची हवा दाखवतात तसं.

यापुढे फूल यायला दोन ते तीन वर्षं. पेरल्यापासून साधारण चार. फॅलेनॉप्सिसही त्याच्या आसपास, कॅटलियाला पाच ते सात. लेक पाचवीत असताना पेरलं तर ती नववीत जाईल तेव्हा फूल.

एवढं करायचं कशाला, नर्सरीत दोन-तीनशे रुपयांना फुललेलं झाड मिळतं की, असं कुणी म्हणेलच. बरोबर आहे. नुसतं फूल हवं असेल तर झाड विकतच घ्यावं. पण नर्सरीतली बहुतेक झाडं टिश्यू कल्चरची, म्हणजे एकाच झाडाच्या झेरॉक्स प्रती. बीपासून आलेली रोपं ही लेकरं. एकाच बोंडातल्या दोघांचा रंग सारखा नाही, ठेवण सारखी नाही. चार वर्षांनी ज्या सकाळी पहिली कळी उमलते, त्या सकाळी ते फूल जगात पहिल्यांदाच उमललेलं असतं. याचं मोल ज्याचं त्याने ठरवावं. धंदा म्हणून मात्र यात उतरू नका. ‘बाटल्या घ्या, रोपं वाढवा, आम्ही परत विकत घेतो’ असं सांगत कुणी बचत गटात आलं तर आधी परतखरेदीचा कागद मागा, आणि पूर्वी कुणाकडून रोपं घेतली त्यांच्याशी स्वतः बोला.

आंब्यावरची सीतेची वेणी

हे सगळं वाचून ‘एवढी यातायात आमच्याने नाही व्हायची’ म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी काहींच्या दारात सगळ्यांत चांगली प्रयोगशाळा उभी आहे. कोकणात, घाटमाथ्यावर ज्यांच्या वाडीत जुना आंबा किंवा फणस आहे, त्यांनी मान वर करून पाहावं. फांदीवर सीतेची वेणी असेल. वैशाख सरता सरता तिचे गुलाबी-पांढरे लांब तुरे लोंबतात. आसामात हेच कोपौ फूल, बिहूला तिथल्या मुली केसांत माळतात. थंडीत पांढरी नाजूक डेंड्रोबियम फुलतात. मराठीत या कुळाला आमरी म्हणतात. भारतात या कुळाच्या साडेबाराशेच्या आसपास जाती आहेत, आणि सह्याद्रीचा त्यात मोठा वाटा आहे.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोलीकडच्या माझ्या एका मैत्रिणीच्या वाडीतला सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेला आंबा मुळासकट आडवा झाला. सीतेची वेणी नेमकी फुलात होती. लाकूडवाला चार दिवसांनी येणार होता. तिने त्याआधी फांद्यांवरचे सगळे गड्डे सालीच्या तुकड्यांसकट सोडवले आणि उभ्या राहिलेल्या फणसाला सुतळीने बांधले. सव्वीस होते, त्यातले एकोणीस जगले. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या चारांना तुरे आले. ते तिने केसांत माळले नाहीत की देवाला वाहिले नाहीत, बोंडं धरू दिली. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला बोंडं तडकली, धूळ उडाली. पावसाळ्यात फणसाच्या सालीवर, गड्ड्यांच्या खाली दोन हातांवर, तिला हिरव्या टिकल्या दिसल्या. त्यातल्या सहा आज बोटभर आहेत. कुकर नाही, जेली नाही. सालीबरोबर जुन्या आंब्यावरची बुरशीही आली असणार, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ‘म्हणजे माहेरची बाई सोबत आली म्हण की!’

तेव्हा झाड तुमच्या दारात असेल तर दोन-तीन तुरे न तोडता ठेवा. बोंडं पिकू द्या. त्यांच्या खालची साल घासू नका, तिथलं शेवाळ खरवडू नका, चुना लावू नका. तडकायला आलेलं बोंड मिळालं तर त्यातली धूळ आईच्या मुळांजवळच्या ओलसर सालीवर अलगद झटका. पन्नास खेपांतली एखादी लागेल, पण फुकट लागेल.

मात्र घाटात गाडी थांबवून, रस्त्याकडेला पोरं विकायला बसतात ते रानातून ओरबाडलेले गड्डे घेऊ नका. त्यांची मुळं तुटलेली असतात, ते जगत नाहीत, आणि आपण पैसे दिले की उद्या ती पोरं आणखी वरच्या फांदीवर चढतात. रानातली झाडं परवानगीशिवाय काढणं कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. ब्लू व्हॅन्डा, रेड व्हॅन्डा, लेडीज स्लिपर यांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं खास संरक्षण आहे. सगळं ऑर्किड कुळच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली येतं. बी हवं असेल तर आपल्या झाडाचं, नाहीतर मैत्रिणीच्या झाडाचं. सिक्कीममध्ये पाक्योंगला ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून आहे, हौस पुढे वाढली तर ते जरूर पाहून यावं.

राहता राहिली चिठ्ठी. बाटलीवर पेरणीची तारीख आणि आई-बाप दोघांची नावं लिहून ठेवायची. चार वर्षांनी ‘हे कुठलं बाई?’ म्हणून डोकं खाजवण्यात अर्थ नाही. ऑर्किडच्या नव्या संकरांची नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते, आणि घरी केलेल्या संकराला फूल आलं की तो तिथे आपण सुचवलेल्या नावाने नोंदवता येतो. आपल्याकडे मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावायचा नियम १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी आला. ऑर्किडवाले मात्र पहिल्यापासून ज्या झाडाने बोंड पोसलं तिचं नाव आधी लिहितात, मग फुली, मग परागवाल्याचं. चिठ्ठी प्लास्टिकची घ्या आणि पेन्सिलने लिहा. पेनची शाई दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उडून जाते.